आधी नियम, मग नेम

एनसीसीच्या कॅडेटच्या हातात सगळ्यात आधी येते ती पॉइंट टू-टू रायफल. तिच्याबद्दलचे दोन आकडे सरांनी पाठच करून घेतलेले असतात. परिणामकारक पल्ला 25 यार्ड, कमाल पल्ला 1700 यार्ड. 'सी' सर्टिफिकेट हातात पडलं की बहुतेक जण ते विसरतात. पण हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. नेम धरायचा तो जेमतेम 23 मीटरवरच्या कागदावर, आणि कागद चुकला तर तीच गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. अर्धापुरात दीड किलोमीटर म्हणजे किती? कॉलेजच्या गेटातून सरळ निघालं तर तेवढ्यात दुकानं लागतात, शाळा लागते, नागपूरकडे जाणारा हायवे लागतो, केळीची बाग लागते आणि बागेत घड उतरवणारी माणसंही लागतात. गोळीला यातलं काहीच दिसत नाही.

या दोन आकड्यांच्या मधली जी जागा आहे, तिच्या बंदोबस्तासाठी शूटिंग रेंज असते. मातीचा उंच बांध, लाल झेंडा, फायरिंग लाइन, रेंज ऑफिसरचा आवाज, हे सगळं त्या मधल्या जागेत कुणी मरू नये म्हणून असतं. आजच्या या पानावर त्याबद्दल बोलायचं कारण साधं आहे. आपल्या वयाच्या मुलामुलींना नेमबाजीचं आकर्षण वाटू लागलंय, ही चांगली गोष्ट आहे. पण बंदुकीशी आपली ओळख कुठे होते, रेंजवर की रीलवर, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

दोन कट्टे

आपल्याकडे 'कट्टा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक कॉलेजचा, जिथे चहा आणि गप्पा असतात. दुसरा गावठी, जो कमरेला खोचलेला असतो. गेल्या काही वर्षांत पहिल्या कट्ट्यावर दुसऱ्या कट्ट्याची चर्चा जरा जास्तच व्हायला लागली आहे. मोबाइल उघडा. बॅकग्राउंडला डायलॉग, स्लो मोशनमध्ये गाडीतून उतरणारा कुणी 'भाई' आणि हातात पिस्तूल. खरं की खेळण्यातलं, कळत नाही. लाइक मात्र खरे असतात.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. एप्रिल 2022 मध्ये नांदेड शहरात एका नामांकित बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घराबाहेर गोळ्या घालून मारलं गेलं. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर 2024 च्या मस्साजोग प्रकरणानंतर पिस्तूल मिरवणाऱ्यांचे व्हिडिओ आणि शस्त्रपरवान्यांचे आकडे राज्यभर गाजले. प्रशासनाला परवान्यांची फेरतपासणी करावी लागली, अनेक परवाने रद्द करावे लागले. आणि सगळ्यात जास्त लक्षात ठेवावी अशी घटना जून 2019 मधली, शिर्डीची. हॉटेलच्या खोलीत काही तरुण टिकटॉकसाठी व्हिडिओ करत होते. हातात गावठी पिस्तूल होतं. गोळी सुटली आणि 17 वर्षांचा मुलगा गेला. तिथे भांडण नव्हतं, टोळी नव्हती, वैर नव्हतं. होती ती फक्त हौस आणि बंदुकीबद्दलचं अज्ञान.

या अज्ञानावर उपाय काय? 'बंदुकीचं नावच काढू नका' असं मोठी माणसं सांगतात. त्यांची काळजी समजू शकते. पण ज्या मुलाच्या हातातल्या स्क्रीनवर दिवसाला पन्नास वेळा बंदूक दिसते, त्याला हे सांगून काय उपयोग? आमचं म्हणणं उलट आहे. अशा मुलाला एकदा रेंजवर न्या. रीतसर रेंजवर अर्धा तास जरी काढला तरी बंदुकीची सगळी हिरोगिरी उतरते. कारण तिथे पहिला धडा नेमाचा नसतो, बोट खटक्यापासून लांब ठेवण्याचा असतो.

रेंजवर गेल्यावर काय दिसतं

ज्यांनी रेंज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. उघड्यावरच्या रेंजवर एका बाजूला शेड किंवा ओटा असतो. तिथे नेमबाज ओळीने उभे राहतात किंवा आडवे होतात. ही झाली फायरिंग लाइन. तिथून ठरलेल्या अंतरावर टार्गेट. रायफल-पिस्तुलाच्या खेळात ही अंतरं 10, 25 आणि 50 मीटरची असतात. 10 मीटरची एअर रायफल-पिस्तुलाची नेमबाजी बहुधा बंद हॉलमध्ये होते, 25 आणि 50 मीटरसाठी मोकळं मैदान लागतं. टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध. त्याला बट म्हणतात. गोळी कागद फोडून या मातीत रुतावी म्हणून तो असतो. त्यात दगडगोटे चालत नाहीत, कारण दगडावर आपटलेली गोळी कुठल्या दिशेने उलटेल याचा नेम नसतो. पाण्यावरूनही गोळी उसळते. म्हणून नदीकाठी बाटल्या मांडून निशाणेबाजी करणं दिसायला भारी वाटलं तरी तो शुद्ध वेडेपणा आहे.

फायरिंग चालू असलं की लाल झेंडा वर असतो. तो दिसला की पुढे जायचं नाही. शेळी गेली असेल, चेंडू गेला असेल, शॉर्टकट असेल, तरी नाही. आणि झेंडा खाली असला म्हणजे जागा आपली झाली असंही नाही. अहिल्यानगरजवळच्या लष्कराच्या के. के. रेंजवर न फुटलेल्या तोफगोळ्यांतलं भंगार काढण्याच्या नादात माणसं दगावलेली आहेत. खेळाच्या रेंजवर तोफगोळे नसतात हे खरं. पण रिकाम्या रेंजवर फिरायचं नाही, सापडलेलं काडतूस खिशात टाकायचं नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

चार नियम आणि त्यांची कारणं

जगातल्या कुठल्याही रेंजवर गेलात तरी मूळ नियम चारच सापडतील. शब्द वेगळे असतील.

पहिला: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं. 'खाली हाय रे, काय घाबरतो!' हे वाक्य आपल्याकडे फार सहज येतं. आजवर 'खाली' बंदुकीने किती माणसं मारली असतील याचा हिशेब नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेत 'रस्ट' नावाच्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. बंदूक सुरक्षित आहे असं सांगून ती अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविनच्या हातात दिली गेली. आत जिवंत काडतूस होतं. हॅलिना हचिन्स ही कॅमेरावूमन जागीच कोसळली आणि वाचली नाही. हॉलिवूडचा सेट, पगारी शस्त्रतज्ज्ञ, सगळा फौजफाटा असून हे झालं. कारण एकाने दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. रेंजवर असा विश्वास चालत नाही. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दोघंही आत बघतात. देणाराही आणि घेणाराही.

दुसरा: नळी कायम टार्गेटच्या दिशेला. मित्राने हाक मारली म्हणून बंदुकीसकट वळून बघणं हा रेंजवरचा सगळ्यात मोठा गुन्हा. हाक आली तर बंदूक खाली ठेवा, मग वळा. तुम्ही कितीही हुशार असा, एकदा नळी लाइनवरच्या माणसांकडे फिरली की रेंज ऑफिसर तुम्हाला बाहेर काढणार. त्याला रागवू नका. तो बाकीच्या सगळ्यांचा जीव सांभाळतोय.

तिसरा: नेम धरून होईपर्यंत बोट खटक्यावर जाणार नाही. ते खटक्याच्या वरच्या बाजूला, सरळ ताठ राहणार. सिनेमाचं पोस्टर बघा, हिरोचं बोट नेहमी खटक्यावर असतं. त्या एका गोष्टीवरून ओळखा की त्याला बंदूक धरणं कुणी शिकवलेलं नाही. माणूस दचकला, अडखळला किंवा शिंकला की हाताची मूठ आपोआप आवळते. बोट खटक्यावर असेल तर गोळी सुटते. त्यात हेतूचा प्रश्नच येत नाही.

चौथा: टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी झाडायची नाही. पुन्हा तेच, 25 यार्ड आणि 1700 यार्ड.

हे नियम घरातल्या परवाना असलेल्या बंदुकीलाही लागू आहेत. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. परवाना होता, घर स्वतःचं होतं, कुणी शत्रू नव्हता. भरलेलं रिव्हॉल्व्हर मात्र होतं. आपल्या भागात रानडुकरं आणि रोही पिकांत शिरतात म्हणून पीकसंरक्षणाच्या बंदुका काही घरांत असतात. अशा घरातल्या मुलांनी हा किस्सा आजोबांना जरूर सांगावा. बंदूक रिकामी करून, कुलपात, आणि काडतुसं वेगळ्या जागी.

हुकूम म्हणजे हुकूम

रेंजवर आवाज एकाचाच चालतो. एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्यांना हे पाठ असेल. 'भर' म्हटल्याशिवाय काडतूस आत जात नाही. 'फायर' म्हटल्याशिवाय गोळी सुटत नाही. 'खाली कर' म्हटलं की रिकामी करायची. 'जाँच शस्त्र' म्हटलं की आतलं दाखवायचं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हेच हुकूम 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' असे येतात. तिथे बंदूक रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून तिच्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घातलेला असतो. ऑलिंपिक मेडल घेतलेल्या नेमबाजालाही तो घालावा लागतो. 'मला माहितीय' ही सवलत तिथे कुणालाच नाही.

सगळ्यात महत्त्वाचा हुकूम थांबण्याचा. 'स्टॉप' ऐकू आलं की अर्धा दाबलेला खटकाही सोडायचा. 'एवढी एक मारतो सर' म्हणायचं नाही. चांगल्या रेंजवर आणखी एक पद्धत असते. धोका दिसला तर कुणीही ओरडून फायरिंग थांबवू शकतं. पहिल्यांदाच आलेली फर्स्ट इयरची मुलगीसुद्धा. तिचा अंदाज चुकला तरी कुणी हसत नाही. विचार करा, आपल्या आयुष्यात अशा किती जागा आहेत जिथे सगळ्यात ज्युनिअर माणसाने 'थांबा' म्हटलं की सगळे थांबतात?

गोळी उडाली नाही तर? नवखा माणूस लगेच बंदूक वळवून नळीत डोकावतो. हे कधीही करू नका. काही वेळा दारू उशिरा पेटते. नळी टार्गेटकडेच ठेवायची, किमान अर्धा मिनिट थांबायचं, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. पुढचं तो बघेल.

टार्गेट बघायला पुढे जायचं असेल तेव्हा सगळ्या बंदुका रिकाम्या करून खाली ठेवलेल्या असतात आणि लोक मागे येईपर्यंत त्यांना कुणी हातही लावत नाही. साफ करायला नाही, सरळ करायला नाही, फोटोला तर नाहीच.

एनसीसीत फायरिंग संपल्यावर आणखी एक गोष्ट होते. रिकाम्या पुंगळ्या वेचल्या जातात, मोजल्या जातात. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत. एक कमी पडली तर सगळी पलटण गवतात वाकून शोधत बसते. उन्हात वैताग येतो. पण आठवण म्हणून घरी नेलेली एक पुंगळी आणि चुकून घरी गेलेलं एक जिवंत काडतूस यांत फरक करायची सोय त्या मोजणीशिवाय दुसरी नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

काही साध्या गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही आणि मग तिथे गेल्यावर फजिती होते:

- पायात बूट हवेत, चप्पल नको. गळ्याशी बंद कपडे घाला. शेजारच्याच्या रायफलीतून उडालेली गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली तर माणूस नाचतो, आणि हातात बंदूक असताना नाचणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.
- कानात प्लग किंवा कानावर मफ हवेच. पॉइंट टू-टूचा आवाज फटाक्यासारखा वाटला तरी तो 140 डेसिबलच्या आसपास जातो. ऐकू येणं एकदा कमी झालं की परत येत नाही.
- डोळ्यांवर चष्मा घाला.
- गोळीत आणि छऱ्यात शिसं असतं. रेंजवर खायचं-प्यायचं टाळा. बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा, मगच डबा उघडा.
- झोप झाली नसेल, ताप असेल, गुंगीची गोळी घेतली असेल, तर त्या दिवशी फक्त बघा. दारूचा तर प्रश्नच नाही.
- मोबाइल बॅगेत. फोटो हवा असेल तर रेंज ऑफिसरला विचारा, तो सांगेल तेव्हा आणि सांगेल तिथे.
- काही कळलं नाही तर विचारा. रेंजवर विचारणाऱ्याला कुणी बावळट समजत नाही. न विचारणाऱ्याला मात्र सगळे घाबरतात.

आपल्याकडच्या उघड्या रेंजवर उन्हाची वेगळी गंमत आहे. एप्रिल-मे मध्ये जमिनीवरून निघणाऱ्या झळांमुळे टार्गेट थरथरतं, वारा गोळीला ढकलतो. म्हणून 50 मीटरच्या रेंजवर मधे छोटी झेंडं लावलेली असतात आणि नेमबाज टार्गेटइतकंच त्यांच्याकडे बघतो. पाणी सोबत ठेवा, सकाळची वेळ धरा. चक्कर आली तर लाजू नका, बंदूक ठेवा आणि सावलीत या.

नियमांनी खेळाडू घडतो

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढे नियम पाळायचे तर मजा कुठे उरली? त्याचं उत्तर कोल्हापूरकडे आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या फायनलला उतरला. पात्रता फेरीत तो सातवा होता. फायनलमध्येही सुरुवातीला मागेच होता. गुडघ्यावर, मग आडवं होऊन, मग उभं राहून, असं करत 451.4 गुणांवर तो तिसरा आला. या प्रकारात भारताला ऑलिंपिक मेडल मिळवून देणारा तो पहिला. 1952 मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या ब्राँझनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक मेडल मिळायला 72 वर्षं गेली. 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ते बटण पुन्हा पुन्हा गाठायला हात स्थिर लागतो, श्वास आवरावा लागतो, आणि त्याहून आधी डोकं शांत लागतं. घाई आणि फुशारकी यांना त्या खेळात जागाच नाही. सुरक्षेचे नियम आणि नेमबाजीचं तंत्र या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. खटक्यावर बोट कधी जाणार हे ज्याला ठरवता येतं, तोच नेमबाज होतो.

आणि हा खेळ फक्त मुलांचा आहे असं समजणाऱ्यांनी महाराष्ट्राची यादी बघावी. अंजली भागवत एनसीसीतून आली आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये फायनलला पोहोचली. सुमा शिरूर 2004 मध्ये अथेन्सला फायनल खेळली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. तिचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून खेळायला लागलेली राही सरनोबत 2018 च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेऊन आली. स्वप्नीलला घडवणाऱ्या दीपाली देशपांडेही स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या. आपल्या भागात रीलमधली बंदूक पुरुषाच्या हातात असते. मेडलवाल्या बंदुका मात्र बऱ्याचदा मुलींच्या हातात दिसतात. यावर कट्ट्यावर चर्चा व्हायला हरकत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर.

कायदा काय म्हणतो

माहीत नव्हतं, ही सबब पोलीस ठाण्यात चालत नाही, म्हणून हेही. बंदुकीचा परवाना 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यावर सुरक्षा प्रशिक्षणाची अट घातली आहे. खेळातली 4.5 मिलिमीटरची साधी, कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, पण ती गल्लीत फिरवायची वस्तू नाही. तिचा छरा डोळा घालवू शकतो. 2019 मध्ये शस्त्र कायदा दुरुस्त झाला आणि वरातीत, जत्रेत, कार्यक्रमात हवेत गोळीबार करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मग बंदूक परवान्याची असो वा नसो. हवेत गेलेली गोळी हवेतच राहत नाही, एवढं भौतिकशास्त्र दहावीला सगळ्यांनीच केलंय.

मग रेंज कुठे आहे?

इथे खरा प्रश्न येतो. मुंबईच्या मुलाला वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पुण्याच्या मुलीला बालेवाडी आहे. कोल्हापूरला दुधाळीची रेंज आहे. आपल्याकडे मुदखेडला सीआरपीएफचं, चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे देशाच्या जवानांना नेम शिकवण्याइतकी माती आपल्या मराठवाड्यात आहे. पण अर्धापूरच्या कॉलेजातल्या, एनसीसीत नसलेल्या एखाद्या मुलीला शिस्तीत, देखरेखीखाली, परवडेल अशा पैशात नेमबाजी करून बघायची असेल तर तिने जायचं कुठे? हौस असते, ऐपत नसते, रस्ता माहीत नसतो. आणि चुकीचा रस्ता मात्र मोबाइलवर एका क्लिकवर असतो.

'रेंज उघडली तर बंदुकीचं वेड वाढेल' हा आक्षेप आम्हाला माहीत आहे. तो खोडून काढायला आमच्याकडे आकडेवारी नाही, पण साधा तर्क आहे. तलाव असलेल्या गावात पोहायला शिकवणं धोक्याचं, की न शिकवणं? बंदूक आपल्या आजूबाजूला आहे. रेंजवर ती मोजलेली, नोंदवलेली, रिकामी करून दाखवलेली असते. तिथे दरवेळी वहीत नाव लिहावं लागतं आणि कुणाच्या तरी डोळ्यांसमोर उभं राहावं लागतं. ज्याला 'भाई' व्हायचंय त्याला अशी जागा फार वेळ सोसवत नाही. जो टिकतो, तो खेळाडू होतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. रायफली महाग, गोळ्या महाग, जॅकेट महाग. पण सुरुवात 50 मीटरपासून करायची कुठे गरज आहे? 10 मीटरची एअर रायफल रेंज एका बऱ्यापैकी लांब हॉलमध्ये बसते. चार रायफली, चार टार्गेट, पक्की मागची भिंत, कुलूपबंद कपाट आणि एक प्रशिक्षित माणूस. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांनी मनावर घेतलं तर नांदेड आणि लातूरमधली काही कॉलेजं मिळून अशी एकेक रेंज चालवू शकतात. उघड्या रेंजची बाब वेगळी, तिला जमीन आणि सुरक्षित बट लागतो. पण वर्षातून एक-दोनदा एनसीसी बटालियन आणि पोलीस दलाच्या परवानगीने बाकीच्या विद्यार्थ्यांना रेंज दाखवता येईल. गोळी झाडायला मिळाली नाही तरी चालेल. लाल झेंडा, बट, हुकूम आणि पुंगळ्यांची मोजणी एकदा डोळ्यांनी बघितली तरी पुष्कळ.

आणि विद्यार्थ्यांनीही काही करायचं आहे. कॉलेजच्या क्रीडा विभागात जाऊन नेमबाजीबद्दल विचारा. एकाने विचारलं तर सर हसतील, चाळीस जणांनी विचारलं तर वरती पत्र जाईल. एनसीसीत असाल तर पुढच्या कॅम्पमधल्या फायरिंगला फक्त पाच गोळ्या उडवून येऊ नका, रेंज ड्रिल नीट शिकून या आणि वर्गातल्यांना सांगा. आणि ग्रुपवर कुणी पिस्तुलाची रील टाकली तर आगीचा इमोजी टाकण्याआधी फक्त एवढंच बघा की त्याचं बोट कुठे आहे.

नांदेड हे शस्त्राचा मान राखणारं शहर आहे. हुजूर साहिबच्या तख्तावर शस्त्रं जपलेली आहेत, ती दरवर्षी दिवाळीच्या सुमारास भक्तिभावाने स्वच्छ केली जातात. दसऱ्याला आपल्या घराघरांत शस्त्रपूजा होते, मग ते शस्त्र विळा असो नाहीतर वही-पेन. पूजा करायची त्या वस्तूला आपण पाय लागू देत नाही, ती कशीही फेकत नाही, तिच्याशी थट्टा करत नाही. रेंजचे नियम याच्यापेक्षा वेगळं काही मागत नाहीत. येत्या वर्षात अर्धापूर-नांदेडच्या निदान एका कॉलेजात नेमबाजीची छोटी का होईना रेंज सुरू व्हावी आणि तिच्या दारावर सगळ्यात आधी नियमांची पाटी लागावी, ती मराठीत, मोठ्या अक्षरांत. नेम धरायला शिकवणारी माणसं नंतर येतील.